फ्रेंचला मार्क पडतात

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी माझ्याच मुलीसमोर बसून फ्रेंच क्रियापदं चालवायला शिकलो, आणि नापास झालो. शेवट आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच आशा धरायला नको. मी धरली होती.

बेळगावच्या कॅम्पातल्या एका इंग्रजी शाळेत मी एकोणीस वर्षं मराठी शिकवत होतो. रोज सकाळी विमानतळाशेजारच्या सांबऱ्याहून मोटारसायकल काढायची, मागे मुलीला बसवायचं आणि प्रार्थनेच्या आधी शाळेत हजर व्हायचं. मराठी तिथे तिसरी भाषा. पंगतीतल्या लोणच्यासारखी, वाढली तर वाढली, नाही तर कुणी हाक मारून मागत नाही. तरी गावात मला मान होता. लोक नावाने नव्हे, 'मराठीचे सर' म्हणून ओळखायचे. कडोलीच्या साहित्य संमेलनाला मी दरवर्षी जायचो. एका वर्षी तर व्यासपीठावर बसवून मला बोलायलाही लावलं. मी आवाज चढवून म्हणालो की सीमाभागात मराठी कुणी बाहेरच्याने मारली नाही, आपल्याच आईबापांनी पोरांना तिच्यापासून तोडलं. टाळ्या पडल्या. त्याच्या आदल्या जूनमध्ये मी माझ्या मुलीच्या सहावीच्या फॉर्मवर, तिसऱ्या भाषेच्या रकान्यात, स्वतःच्या हाताने 'फ्रेंच' लिहून खाली सही केली होती.

"पप्पा, फ्रेंचला मार्क पडतात," ती म्हणाली होती.

खोटं नव्हतं. फ्रेंचच्या मॅडम पंच्याण्णवच्या खाली येत नसत. मी मात्र शंभरातले सत्तर देतानाही हात आखडता घ्यायचो. भाषा म्हणजे काय भेळ आहे का, असं मी स्टाफरूममध्ये बोलायचो. शिवाय बापाच्याच वर्गात बसायचं म्हणजे पोरीला अवघड. घरात मराठी आहेच की, शाळेत आणखी कशाला, असं मी बायकोला समजावलं. ती भाकरी थापत होती. "बाकीचे आईबाप पण असंच म्हणत असतील," एवढंच ती म्हणाली. मी ताट ओढून जेवायला बसलो.

दोन वर्षं गेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावून घेतलं. सहावीत मराठी घेणारी सहा पोरं उरली होती आणि त्यातल्या दोघांच्या घरून भाषा बदलून मागणारी चिठ्ठी आली होती. येत्या जूनपासून मराठी बंद, असं मॅडमनी सांगितलं. मी उभ्या उभ्या बोलायला लागलो. मातृभाषा, सीमाभाग, पोरांची मुळं, सगळं काढलं. कडोलीतलं भाषण मला पाठच होतं. मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी कपाटातून एक फाईल काढली आणि एक कागद माझ्यासमोर ठेवला.

"सर, ही सही तुमचीच ना?"

त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, तेच जास्त लागलं. मी खुर्चीवर बसलो. मग त्यांनीच वाट दाखवली. फ्रेंचच्या मॅडमचे मिस्टर लष्करात होते, त्यांची बदली झाली होती आणि जूनपासून जागा रिकामी होणार होती. सहावी-सातवीला सुरुवातीचंच शिकवायचं असतं. मार्चमध्ये बंगळूरला पहिल्या पायरीची परीक्षा असते, ती पास झालात तर जागा तुमची, नाही झालात तर शिक्षक म्हणून मी तुम्हाला ठेवू शकत नाही. आणि शेवटी म्हणाल्या, "तुम्हा इकडच्या लोकांना काय अवघड आहे? चार भाषा तर येतातच."

या शेवटच्या वाक्याने माझा घात केला. कारण ते मला खरं वाटलं.

आमच्याकडे भाषा कुणी शिकत नाही, ती अंगाला लागते. भाजीवालीने 'येष्ट्री' म्हणून विचारलं की आपण कन्नडमध्ये सांगायचं, तिने 'किती देऊ' म्हटलं की मराठीत. बसमधला कंडक्टर कन्नड, पुढच्या सीटवरचा फौजी हिंदी, शेजारचा पाव्हणा आपला. ज्याने ज्या भाषेत विचारलं त्याला त्याच भाषेत उत्तर द्यायचं, हा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा आहे. दुसऱ्या भाषेत उत्तर दिलं तर समोरच्याला वाटतं, याला भांडायचंय. मोर्चात दिवसभर घोषणा देऊन घसा बसलेला माणूसही संध्याकाळी कन्नड दुकानदाराकडे कन्नडमध्येच खोकल्याची गोळी मागतो. तेव्हा चार आहेत तिथे पाचवी, तिला काय धाड भरलीय, असं म्हणून मी हो म्हणालो आणि घरी जाताना पेढे घेऊन गेलो. पेढे कशाचे, ते बायकोने दोनदा विचारलं.

शिकवायला मुलगीच होती. आठवीत, वर्गात पहिली. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिची वही उघडायची, बाजूला माझी. पहिल्या दिवशी तिने मला 'बोलणे' हे क्रियापद चालवायला दिलं. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, ते बोलतात. लिहायचं तीन तऱ्हांनी आणि म्हणायचं चारही ठिकाणी एकच, 'पार्ल'. 'ते बोलतात' मधली शेवटची तीन अक्षरं तर नुसती लिहायची, तोंडातून काढायची नाहीत.

"मग लिहायची कशाला?" मी विचारलं.

"तसंच असतंय पप्पा."

लग्नपत्रिकेत आग्रहाचं निमंत्रण म्हणून ज्यांची नावं छापतात आणि जे लग्नाला कधी येत नाहीत, त्या पाव्हण्यांसारखी ती अक्षरं मला वाटायची. मी ती विसरायचो. मुलगी लाल पेनाने खूण करायची. लाल पेन माझंच होतं, शाळेतून आणलेलं.

लिंगाचं तर विचारूच नका. मराठीत तीन लिंगं, तिथे दोनच, म्हणजे एक ओझं कमी, असं मी पहिल्यांदा हिशेबात धरलं होतं. पण त्यांनी आमची नपुंसकलिंगी माणसं कुठल्या घरात पाठवली ते काही कळेना. घर बाईचं, नाक पुरुषाचं, तोंड पुन्हा बाईचं. हात, ज्यात मी एकोणीस वर्षं खडू धरला आणि ज्याला मी जन्मभर 'तो' म्हणत आलो, तिथे 'ती'. चहा पुल्लिंगी निघाला तेव्हा मला खूप दिवसांनी गाववाला भेटावा तसा आनंद झाला. दाढी आणि मिशी दोन्हीकडे स्त्रीलिंगी. एवढ्यापुरतं आमचं जमलं. बाकी सगळं पाठ करायचं, पुल्लिंगी शब्दाआधी 'ल', स्त्रीलिंगीआधी 'ला'. मुलीने चिठ्ठ्या लिहून घरभर चिकटवल्या, फ्रिजवर, कपाटावर, आरशावर. बायको आरशावरची चिठ्ठी बाजूला करून कुंकू लावायची.

"खुर्ची?" मुलगी विचारायची.

"ल," मी म्हणायचो.

"ला. किती वेळा सांगितलं? कानाला कळत न्हाय काय तुमच्या?"

हे वाक्य माझं होतं. ते तिच्या तोंडून आलं आणि मला एक पोरगी आठवली. चारेक वर्षांपूर्वी सातवीत होती. घरात कन्नड, पण हौसेने मराठी घेतलेली. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला लिंगाची भानगडच नाही, सगळं 'ते'. म्हणून ती बिचारी पुस्तकाला कधी 'तो' म्हणायची, कधी 'ती'. एकदा तिने उभं राहून 'माझी आई चहा केला आणि ती गरम होती' असं काहीतरी वाचलं. मी तिला थांबवलं आणि 'कोण गरम होती, आई की चहा?' म्हणून विचारलं. वर्ग हसला. मी पण हसलो. मग म्हणालो, कानाला कळत नाही का तुझ्या. ती उभीच राहिली, मी बस म्हणेपर्यंत. पुढच्या वर्षी तिने फ्रेंच घेतलं. मी स्टाफरूममध्ये म्हणालो होतो, बरं झालं, एक डोकेदुखी गेली. आता वाटतं, तिला तेव्हा मी नुसतं 'होईल हळूहळू' म्हणालो असतो तर मराठीचा वर्ग वाचला असता असं नाही, पण मी जरा बरा माणूस राहिलो असतो.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. कडोलीला त्या वर्षी मी गेलो नाही, अभ्यास आहे म्हणून. गावात कुणाला सांगितलं नव्हतं की मराठीचे सर फ्रेंच शिकतायत. वरून विमान गेलं की मुलगी म्हणायची, चला, विमान कुठल्या लिंगाचं? फेब्रुवारीपर्यंत 'असणे' आणि 'जाणे' ही दोन हेकट क्रियापदं मला यायला लागली. माझं नाव, माझं वय, मी कुठे राहतो, माझ्या घरात कोण कोण आहे, मी सकाळी काय खातो, रविवारी काय करतो, असल्या पाच-पाच वाक्यांचे मी मुडदे पाडले होते. लेखी मी काढेन, असा मुलीलाही विश्वास होता.

तोंडीची तिला भीती होती. ती मला मध्येच गाठायची. मी फ्रेंचमध्ये रविवार सांगत असताना ती एकदम विचारायची, "पप्पा, चहा घेणार?"

"घेतो की," मी म्हणायचो.

"बघा. गेलं फ्रेंच. मी मराठीत विचारलं तरी तुम्ही फ्रेंचातच सांगायचं."

"अगं, तू मराठीत विचारलंस."

"मी काय पण विचारीन."

आम्ही दोघं हसायचो. त्या तीन-चार महिन्यांइतका मी तिच्याजवळ कधी बसलो नव्हतो, हेही खरं. पाठ चुकलं की ती माझ्यासारखीच भुवया चढवायची. मला तिचा अभिमान वाटायचा आणि लगेच दुसरी गोष्ट आठवायची, की हिला मराठीत निबंध लिहायला दिला तर पाच ओळींत वेलांट्या चुकतील. ते तपासायला मी लाल पेन उघडायचो आणि पुन्हा बंद करायचो. आधी परीक्षा होऊ दे, म्हणायचो.

मार्चमध्ये बंगळूरला गेलो. लेखी बरी गेली. आजूबाजूला सगळी विशी-बाविशीतली मुलं, मी त्यांच्यात फी भरायला आलेल्या बापासारखा दिसत होतो. एकाने मला 'अंकल, वेटिंग रूम तिकडे' असं सांगितलंही. दुपारी तोंडी होती. एका लहान खोलीत टेबलापलीकडे परीक्षक बाई बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या, केसांत मोगऱ्याचा गजरा. तो गजरा पाहूनच मला जरा धीर आला, आणि तिथेच खरं तर मी सावध व्हायला हवं होतं.

त्यांनी फ्रेंचमध्ये नाव विचारलं. सांगितलं. कुठून आलात? सांगितलं. घरात कोण कोण? बायको, एक मुलगी, तिचं वय, तिची शाळा, सगळं ओळीने आलं. बाईंनी मान हलवली. माझी छाती फुगली. मग त्यांनी काय काम करता म्हणून विचारलं. 'मी मराठी शिकवतो' एवढं साधं वाक्य. त्यातलं क्रियापद मला झोपेतसुद्धा येत होतं. पण ते म्हणायला गेलो आणि मध्येच अडलो. हे काम मी आणखी तीन महिनेच करणार होतो, आणि वाक्य बरोबर आलं तर त्यानंतर फ्रेंच शिकवणार होतो. ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं.

बाई चांगल्या होत्या. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नीर कुडीरी सर. परवागिल्ला."

पाणी प्या, काही हरकत नाही. एवढंच. मी पाणी प्यालो. घसा मोकळा झाला. खांदे खाली आले. मग त्यांनी पुन्हा फ्रेंचमध्ये विचारलं, रविवारी तुम्ही काय करता? प्रश्न मला कळला. पाठ केलेलाच होता. मी बोलायला लागलो आणि काय सांगू, असं कधी बोललो नव्हतो. रविवारी आम्ही शेताकडे जातो. मुलगी बांधावर बसून पुस्तक वाचते. बायको सोबत डबा घेते, त्यात शेंगदाण्याची चटणी असते. विमान खूप खालून जातं, त्यात बसलेली माणसं दिसतील असं वाटतं. संध्याकाळी येताना बाजार करतो. सगळं एकामागून एक येत होतं, कुठे अडखळणं नाही, कुठल्या वस्तूचं लिंग शोधायला थांबणं नाही. मनात म्हटलं, जमलं. हीच ती भाषा अंगाला लागण्याची घडी. मी हातवारेसुद्धा केले.

बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. त्या हसत नव्हत्या.

"चन्नागि हेळिद्री सर," त्या म्हणाल्या. "आदरे फ्रेंचल्ली हेळबेकित्तु."

छान सांगितलंत, पण फ्रेंचमध्ये सांगायला हवं होतं.

तो रविवार मी पहिल्यापासून शेवटपर्यंत कन्नडमध्ये सांगितला होता. त्यांनी पाणी दिलं ते कन्नडमध्ये दिलं. त्या क्षणापासून माझ्या जिभेने त्यांना कन्नड माणूस म्हणून नोंदवून टाकलं आणि जन्मभराचा कायदा पाळला. घड्याळात दोन मिनिटं उरली होती. मी फ्रेंच शोधायला गेलो, पण त्या गजऱ्याकडे पाहून फ्रेंच बोलणं मला उद्धटपणाचं वाटायला लागलं. तोंड उघडलं की कन्नडच यायचं. शेवटी मी उठून नमस्कार केला. तोही कन्नडमध्येच.

घरी आलो तर मुलगी पायरीवर बसली होती. मी चप्पल काढायच्या आधीच तिने विचारलं, तोंडीला काय आलं. मी सांगितलं, रविवार. "ते तर आपलं लई झालंय," ती म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी झालेलं सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. ती रडायला लागली. थोड्या वेळाने नाक पुसून म्हणाली, "पप्पा, मी फॉर्म बदलून देऊ? मराठी घेते मी. माझ्या मैत्रिणींना पण सांगते."

"आता वर्गच न्हाय बाळा," मी म्हणालो.

हे उत्तर खरं होतं, पण पुरं नव्हतं. वर्ग असता तरी मी तिला बदलू दिलं नसतं. नववीच्या तोंडावर मार्क घालवणारा बाप मी नाही. हे मला त्या पायरीवर बसल्या बसल्या स्वच्छ कळलं आणि त्याची मला किळस आली. तरी ते बदललं नाही. कडोलीत टाळ्या घेणारा माणूस आणि सही करणारा माणूस एकच होता, आणि त्यातला दुसरा जास्त मजबूत निघाला.

निकाल लागला, लेखीत बरा, तोंडीत गेलो. मॅडमनी शब्द मोडला नाही, मीही काही मागितलं नाही. त्यांनी मेहेरबानी म्हणून मला ऑफिसात ठेवलं. बसच्या पाळ्या, गेटवरची शिस्त, ॲडमिशनचे कागद. मराठीची पुस्तकं कपाटात होती ती मी खोक्यांत भरून दिली. ती कुठे गेली ते विचारलं नाही. आरशावरची चिठ्ठी मात्र बायकोने अजून काढलेली नाही, ती बाजूला करूनच कुंकू लावते.

जूनमध्ये मी ॲडमिशनच्या टेबलावर बसलो होतो. एक बाई सहावीतल्या पोरीचा फॉर्म घेऊन आल्या, साडीवर जर्किन, हातात हेल्मेट, बहुतेक खानापूरकडच्या. त्यांनी फॉर्म उलटसुलट करून बघितला.

"सर, यात मराठी दिसंना की."

"न्हाय. बंद झालंय."

"व्हय?" त्यांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं. "आमच्या घरात सगळं मराठीच हाय हो. तिच्या आजीची लई इच्छा व्हती. मग काय घालू?"

मी पेन उघडलं. त्यांनी मराठीत विचारलं होतं, म्हणून मी मराठीतच उत्तर दिलं.

"फ्रेंच घाला," मी म्हणालो. "मार्क पडतात."

त्यांना स्पेलिंग येत नव्हतं. त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि तो रकाना मी भरून दिला.